बटणामागची पट्टी

मी एक जुनी सर्किटची पट्टी आहे, काडेपेटीहून थोडी लहान. मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिलं नसेल, कारण माझा सारा जन्म लोखंडी डबीत गेला. १९९४ साली सुरतेच्या कतारगाममध्ये बन्सीलाल नावाच्या मेकॅनिकने मला घडवलं.

जवळच्याच कारखान्यात कापड गुंडाळायचं मशीन होतं. ते अनुसयाबाई चालवत. त्या आणि बन्सीलाल दोघेही खानदेशातले. कापड सरळ धरायला दोन्ही हात लागत, म्हणून मशीनचं बटण पायाशी होतं. एकदा दाबलं की रोलर चालू, पुन्हा दाबलं की बंद. पण कधी कधी बंद केलेले रोलर लगेच आपणहून फिरू लागत. एकदा अनुसयाबाईंचा पदर त्यात ओढला गेला, तेव्हा त्या तडक बन्सीलालकडे गेल्या.

दोष बटणाच्या आतल्या पत्र्यांचा होता. बटण दाबलं की ते दोन पत्रे एकमेकांवर आपटतात, उसळतात, मग टेकतात. पाय उचलतानाही तसंच होतं. माणसाला एकच ‘टक’ ऐकू येतं. मशीनला मात्र बटण दोनदा दाबल्यासारखं वाटतं. बंद, आणि लगेच चालू! म्हणून बन्सीलालने माझ्या अंगावर एक छोटा कपॅसिटर बसवला. तो विजेने हळूहळू भरतो, हळूहळू रिकामा होतो. पत्र्यांची थरथर निवेपर्यंत मी गप्प राहत असे आणि मग मशीनला एकदाच निरोप देत असे.

“भाऊ, आते हाई मशीन मन्हं आयकस!” मशीन आता आपलं ऐकतं, असं अनुसयाबाई आपल्या घरच्या बोलीत म्हणाल्या. ते माझं पहिलं कौतुक, आणि शेवटचंही.

पुढची काही वर्षं बरी गेली. मग मशीनच्या हादऱ्यांनी माझं एक सोल्डरिंग, म्हणजे तारेचा डाख दिलेला जोड, तडकलं. बटण दाबूनही मशीन हलेना. दिवाळीचे दिवस, मालाची घाई, आणि बन्सीलाल गावी गेलेला. भिकन मुकादमाने माझ्या तारा काढल्या आणि बटण थेट मशीनला जोडून टाकलं.

“दिवाळीपुरतं चालू दे. बन्सी आला की बघू,” तो म्हणाला.

बन्सीलाल आला, पण त्याला कोणी बोलावलंच नाही. मी त्याच डबीत सुटी पडून राहिले. माझ्यावर धुळीचा थर चढत गेला.

“मुकादम, मशीन पुन्हा तसंच करतंय,” अनुसयाबाई सांगू लागल्या. “बंद केलं तरी फिरतंय.”

“बाई, पाय नीट ठेवत जा. दुसऱ्या कुणाची तक्रार नाही.”

“दुसरं कुणी चालवतं कुठं हे?”

भिकन हसला आणि पुढे गेला.

एका दुपारी रोलरखाली कापडाची चुणी अडकली. अनुसयाबाईंनी बटण दाबलं. रोलर थांबले. त्यांनी चुणी सोडवायला उजवा हात आत घातला, बटणावरचा पाय उचलला, आणि रोलर फिरले. त्यांची किंकाळी मी ऐकली. मी तिथेच होते, हातभर अंतरावर, आणि माझी एकही तार कशाला जोडलेली नव्हती.

“चुकून तिचाच पाय पडला असेल,” कारखान्याचे शेठ म्हणाले.

आता बोलावून आणलेल्या बन्सीलालने डबी उघडली. “ही तार कुणी टाकली?”

भिकनला गप्प राहता आलं असतं. पण तो पुढे आला.

“मी टाकली, शेठ. बाईंनी मला सांगितलंही होतं. मी ऐकलं नाही.”

संध्याकाळी तो बन्सीलालबरोबर दवाखान्यात गेला. तिथे जे घडलं ते पुढे बन्सीलालनेच मला दुरुस्त करताना कुणाला तरी सांगितलं. भिकन खाटेशी उभा राहून म्हणाला, “बहिणी, चूक माझी आहे.”

अनुसयाबाई पट्टी बांधलेल्या हाताकडे पाहत राहिल्या. त्यातली तीन बोटं गेली होती.

“खरं बोललास, बरं केलंस,” त्या म्हणाल्या. “पण माझ्या लेकीची, पल्लवीची वेणी आता कोण घालणार, ते सांग.”



मित्रांनो, आता मी पुन्हा माझ्या जागी बसले आहे. बटणावर दुसऱ्याच बाईचा पाय असतो. तिचं नावही मला ठाऊक नाही. तुम्ही मोठे व्हाल, कारखाने चालवाल, मशीनं बनवाल. माझी एवढीच विनवणी आहे: मशीनपाशी राबणारं माणूस म्हणालं, ‘हे ऐकत नाही,’ तर त्याच दिवशी डबी उघडा. मला नंतर नीट केलं, पण त्या बोटांना कुणी नीट करू शकलं नाही.