काश्यप गोत्राचा कुंवरसिंग

राघोत्तमाचार्यांना घाई होती. महालय अमावास्येला आवडी गावातल्या अकरा घरांची तर्पणं त्यांच्या एकट्याच्या अंगावर असत, आणि सेतुमाधवांचं घर होतं चौथं. वडिलांकडचे पितर झाले, आईकडचे झाले. ताम्हनातल्या दर्भांवर काळ्या तिळांचा थर साचला. आचार्यांनी घड्याळाकडे नजर टाकून विचारलं, "आतां कारुण्य पितर. सांगा."

सरळ वंशाबाहेरची माणसं त्यात येतात. काका, सासरे, गुरू, मित्र. त्यांना पाणी द्यायचं ते मायेपोटी. सेतुमाधवांनी सासऱ्यांचं नाव सांगितलं, धाकट्या काकांचं सांगितलं. दरवर्षी घेत ते शेवटचं नाव मात्र ओठांवर येऊन अडलं, कारण समोरच्या खुर्चीत रघुराम बसला होता.

रघुराम पहाटेच्या गाडीने तंजावरहून आला होता, सोबत मुलगी रंजनी. निवृत्त सैनिकांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याला सेतुमाधवांचा पत्ता लागला होता. आल्या आल्या बासष्ट वर्षांच्या त्या माणसाने दारातच साष्टांग नमस्कार घातला.

"हिला पायां पडायला आणलीं, अण्णा," तो म्हणाला. "तुम्हीं त्या दिवशीं विमानांत जागा दिली नसती तर ही नव्हती. हिची अम्माही नव्हती. डॉक्टर रक्त रक्त करत होते, आणि विद्यालक्ष्मीचें रक्त जुळलें तें माझ्याशीं."

ऐकून सेतुमाधवांच्या पत्नी गोदाबाई डोळे पुसत आत गेल्या. रघुरामाने येताना शालही आणली होती, जेवणानंतर पांघरायला. स्वतःचं तर्पणही तो इथेच करणार होता, म्हणून सेतुमाधवांचं आटोपायची वाट बघत बसला होता.

"झालें?" आचार्यांनी विचारलं.

झालं म्हटलं की झालं असतं. एका वर्षाने काय बिघडतं, असं सेतुमाधवांच्या मनात आलं आणि त्यांची त्यांनाच शरम वाटली.

अडतीस वर्षांपूर्वी ते हवाई दलात लोडमास्टर होते. मालवाहू विमानात किती वजन चढवायचं आणि ते कुठे ठेवायचं, हे बघणं त्यांचं काम. लडाखमधल्या त्या उंच धावपट्टीवर सूर्य जसा चढतो तशी हवा विरळ होते आणि विमानाला कमी वजन पेलतं. म्हणून पहाटेच उडायचं. त्या दिवशी धुक्याने उशीर झाला. पायलट म्हणाला, एक माणूस कमी करा.

नियम साधा होता. यादीतला शेवटचा माणूस उतरतो. शेवटचा होता रघुराम, चोवीस वर्षांचा, हातात बायको अत्यवस्थ असल्याची तार घेऊन बसलेला. "देवा व्यंकटेशा, एवढें एक कर, मग कांही मागत नाहीं," असं तो स्वतःशीच पुटपुटत होता. त्या गोठवणाऱ्या थंडीत, परक्या माणसांत, सेतुमाधवांनी घरची तंजावरी मराठी ऐकली. ते दोन पावलं चालले आणि त्याच्या शेजारच्या जवानाच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला.

"वजन ज्यादा हो गया. तुम उतरो."

नायक कुंवरसिंग बिष्ट, पिथौरागडकडचा. तेरा महिन्यांनी रजेवर निघालेला. यादीत आपला नंबर कितवा, हे त्याला पक्कं ठाऊक असणार. पण तो वाद घालत बसला नाही. पत्र्याची ट्रंक उचलली आणि "कल चला जाऊँगा, साब," म्हणत खाली उतरला.

"सेतुमाधवराव, अजून सात घरें आहेत," आचार्य म्हणाले.

"आहे एक नाव," सेतुमाधव म्हणाले. "कुंवरसिंग बिष्ट. गोत्र माहीत नाहीं. काश्यप म्हणा."

गोत्र ठाऊक नसलं की काश्यप म्हणतात, त्यामुळे आचार्यांचं काहीच अडलं नाही. सेतुमाधवांनी अंगठ्याच्या बाजूने तीनदा पाणी सोडलं. आचार्य सामान आवरू लागले तेव्हा रघुरामाने विचारलं, "कोण हो अण्णा, हे? आपल्यांतले नव्हेत."

सेतुमाधव पाटावरून उठले नाहीत. "लिस्टांत शेवटचा तूं होतास, रघू. उतरायचें तुला होतें. मीं त्याला उतरवलें."

"त्याचें वजन जास्त होतें म्हणून. तुम्हींच सांगितलांत ना तसें."

"त्याला सांगितलें तसें. तुझ्या तोंडांतली आपली भाषा ऐकलों, एवढेंच कारण."

"मग? दुसऱ्या दिवशीं गेला असेल तो."

"पांच दिवस ढग होते, विमान नाहीं आलें. सहाव्या दिवशीं ट्रकाने निघाला. ट्रक घाटांत कोसळला."

"अप्पा," रंजनी म्हणाली.

रघुराम उठला आणि परसातल्या नळाकडे गेला. सेतुमाधव ताम्हनाकडे बघत बसून राहिले. हा आता पोरीला घेऊन न जेवता निघून जाणार, याची त्यांना खात्रीच वाटली. आणि गेला तरी आपण कुठल्या तोंडाने थांबवणार होतो? एका माणसाचं सुख त्यांनी सकाळी सकाळी नासवलं होतं, तेही ज्याने दारात पाय धरले त्याचं.

रघुराम हातपाय धुऊन परत आला. शर्ट काढून त्याने जानवं उजव्या खांद्यावर घेतलं आणि दुसऱ्या पाटावर बसला. आचार्यांनी पुन्हा घड्याळ पाहिलं, पण सांगायला सुरुवात केली. त्याचे वडील झाले, आजोबा झाले, आईकडचेही झाले. आवाज कुठे हलला नाही.

"कारुण्य पितर," आचार्य म्हणाले.

रघुराम थांबला. नाव त्याच्या लक्षात राहिलं नसेल असं वाटून सेतुमाधव सांगायला पुढे झुकले. रघुरामाने ओला हात वर करून त्यांना थोपवलं.

"काश्यप गोत्र," तो म्हणाला. "कुंवरसिंग बिष्ट."

त्याने पाणी सोडलं. सेतुमाधवांनी मान खाली घातली. अडतीस वर्षांत ते नाव ते पहिल्यांदाच दुसऱ्या कुणाच्या तोंडून मनापासून घेतलेलं ऐकत होते.