परतवाडा लाइन

योगेश काळमेघ सोळा वर्षं एकाच एजन्सीचा सेल्समन होता. अमरावतीतल्या त्या एजन्सीकडे साबण, शाम्पू, बिस्किटं, मच्छर अगरबत्ती असा चार-पाच कंपन्यांचा माल होता. गावोगावच्या किराणा दुकानांत जाऊन ऑर्डरी घ्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी गाडीतून माल पोचला की नाही ते फोनवर विचारायचं, हे त्याचं काम. सोमवारी मोर्शी, मंगळवारी चांदूर बाजारवरून परतवाडा, असे वार ठरलेले. एका वाराच्या दुकानांना मिळून लाइन म्हणत. परतवाडा लाइनवर त्याची पन्नास दुकानं होती आणि पन्नासही दुकानदारांच्या घरातली लग्नं त्याला तारखेसकट पाठ होती.

एका जागी बसणं त्याला जमत नसे. रविवारी सुद्धा तो चारदा गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यायचा. त्याची बायको प्रणाली म्हणायची, "देवानं तुमाले साइड स्टँडच नाही बसवलं."

मार्चच्या पहिल्या सोमवारी एजन्सीच्या गोदामात मीटिंग झाली. जुन्या शेठजींचा मुलगा विपुलशेठ आता कारभार बघत होता. तिशीतला, बोलायला सौम्य. त्याने सगळ्यांच्या मोबाइलवर एक ॲप टाकायला लावलं आणि म्हणाला, "आता दुकानदार यावरून स्वतः ऑर्डर टाकेल. तुमच्या तुमच्या लाइनवर प्रत्येक दुकानात हे चालू करून द्यायचं. महिनाअखेरपर्यंत."

"मंग आमी कायले जायचं लाइनवर?" योगेशने विचारलं.

"योगेशभाऊ, काम बदलेल. काम काही संपत नाही."

बाकीचे आठ सेल्समन आपापल्या मोबाइलकडे बघत राहिले. अकोल्याच्या एका एजन्सीत हेच ॲप दिवाळीला आलं होतं आणि तिथे अकरा सेल्समनचे तीन झाले होते, हे सगळ्यांना माहीत होतं. विपुलशेठचाही नाइलाज होता. अमरावतीत सुपरमार्केटं झाली होती, त्यांचा माल कंपन्या थेट पाठवत होत्या, आणि एजन्सीच्या वाट्याला लहान दुकानं आणि त्यांच्या लहान ऑर्डरी तेवढ्या उरल्या होत्या.

योगेशने त्या रात्री जेवता जेवता एक बेत केला. दुकानदारांनाच ॲप नको असेल तर शेठ काय करणार? प्रत्येकाच्या तोंडून तसं वदवून घ्यायचं, मोबाइलवर रेकॉर्ड करायचं आणि शेठला ऐकवायचं.

मंगळवारी चांदूर बाजारात तो सगळ्यात आधी नत्थुजींच्या दुकानात गेला. नत्थुजी सत्तरीचे, चष्मा कपाळावर. योगेशने ॲप उघडून दाखवलं, पण असं दाखवलं की कुणालाही घाम फुटावा. पासवर्ड दोनदा मुद्दाम चुकवला. "पाहा, नेट गेलं की ऑर्डर गेली. चुकून शून्य जास्त दाबलं गेलं तर दहाच्या शंभर पेट्या येतीन," असं म्हणाला.

"मले नाई पाह्यजे हे," नत्थुजी म्हणाले.

"मंग इथं बोला तसं. शेठले ऐकवतो."

नत्थुजी मोबाइलच्या जवळ तोंड नेऊन बोलले, "आमाले योगेशच पाह्यजे. पोरगा घरच्यासारखा हाये. त्याले नाई म्हणताच येत नाई."

दुपारपर्यंत अशी सात रेकॉर्डिंग झाली. योगेशला बरं वाटू लागलं. तरी पाय थांबत नव्हते. एका दुकानात चहा मागवला आणि तो यायच्या आधीच निघाला.

चांदूर बाजार सोडून परतवाड्याकडे जाताना एका फाट्यावर सुंदराबाईंचं दुकान होतं. मागे संत्र्याची बाग, पुढे बसथांबा. नवरा वारल्यापासून बारा वर्षं त्या एकट्या दुकान चालवत होत्या. साठीच्या आसपास वय, शिक्षण चौथीपर्यंत. योगेश त्यांना मावशी म्हणायचा. सगळ्यात चांगलं रेकॉर्डिंग इथेच होणार, याची त्याला खात्री होती. म्हणून तो सरळ मुद्द्यावर आला. "मावशी, शेठनं हे ॲप काढलं. याच्यावरून ऑर्डर टाकायची म्हणते. तुमाले तं काही जमणार नाही हे."

"पाहू दे."

त्यांनी मोबाइल हातात घेतला, जरा लांब धरला आणि बोटाने एकेक चित्र वर सरकवू लागल्या. योगेश पासवर्डचं सांगत होता, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

"हे अधिकचं चिन्ह दाबलं की वाढते?"

"हो."

"अन् मले साबणाच्या सहाच वड्या पाह्यजे असल्या तं?"

"सहा टाकता येतात."

"पुरी पेटी घ्या लागत नाई?"

"नाई."

"अन् जे मी दाबलं नाई, थे येईन काय?"

"कसं येईन? दाबलं तेच येईन."

सुंदराबाई हसल्या. मोबाइल त्याला परत दिला आणि म्हणाल्या, "टाकून दे मग मायाबी मोबाइलमंदी. आतमंदी ये जरा."

दुकानामागे एक अरुंद खोली होती. योगेश कधी तिथे गेला नव्हता. भिंतीला लागून खोक्यांची थप्पी होती, छातीइतकी. सुंदराबाईंनी वरचं खोकं उघडलं. गुलाबाच्या वासाची मच्छर अगरबत्ती, एकही पुडा सुटा न झालेला. त्याखाली गोरं होण्याची क्रीम. त्याखाली मसाल्याचे ओट्स.

"हे ओट्स तू मांगच्या मार्चमंदी देल्ले. महिनाअखेर हाये मावशी, दोन पेट्या ठेवा म्हणे. या गावात ओट्स कोन खाते बाबू? मी म्हशीले घालून पाह्यले. थे बी खात नाई."

सुंदराबाईंनी खालच्या खोक्यावर हात ठेवला.

"ही क्रीम दिवाळीची. तुया पोरीची फी भराची होती, टारगेट पुरं झालं की पैसे भेटते म्हणे. हा शाम्पू त्याच्या आंधीचा."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच योगेशला सहन झालं नाही. "तुमी घेतलं म्हणून मी देल्लं. जबरदस्ती केली काय मी?"

"नाई केली."

"मंग तवाच सांगायचं होतं."

"पोरगा उनातून येते, पानी पिते, मावशी म्हणते. त्याले नाई कसं म्हनाव? पयले चालून जाये. तवा गावातला सारा किराना माया दुकानातून जाये. आता लोक महिन्यातून एक डाव परतवाड्याले नाई तं अमरावतीच्या मॉलमंदी जाते, पोतं भरून आनते. मायाकडे कोन येते? साखर सरली, चायपत्ती सरली, शाम्पूची एक पुडी पाह्यजे, थे. त्याच्यात हे कुठं बसवू?"

योगेशने त्यांच्या मोबाइलवर ॲप टाकून दिलं. या वेळी पासवर्ड खरोखरच चुकला. पाणी न पिता तो निघाला.

त्या दिवशी परतवाड्यापर्यंत त्याने चार दुकानं सोडली. पाचव्या दुकानात गेला, तेव्हा त्याची नजर आपोआप वरच्या फळीकडे गेली. तिथे गुलाबाच्या अगरबत्तीचं खोकं होतं. सहाव्या दुकानातही होतं. सातव्या दुकानदाराने ते खोकं गल्ल्याखाली पाय ठेवायला वापरलं होतं. सोळा वर्षांत योगेश या दुकानांत शिरताना फक्त रिकाम्या जागा बघत आला होता. ओशाळून तो बाहेर आला आणि मोटरसायकलवर बसल्या बसल्या सकाळची रेकॉर्डिंग ऐकू लागला. नत्थुजींचा आवाज आला: त्याले नाई म्हणताच येत नाई. सकाळी ही त्याला तारीफ वाटली होती. त्याने सातही रेकॉर्डिंग पुसून टाकली.

घरी प्रणालीला त्याने सगळं सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "मंग आता काय करता?"

"माल उचलतो."

"कुठं ठेवता?"

दुसऱ्या दिवशी तो विपुलशेठच्या केबिनमध्ये गेला आणि उभ्या उभ्याच बोलला. दुकानांमध्ये माल पडून आहे, काही एक्सपायरीला आला, काही होऊन गेला. एजन्सीने परत घ्यावा.

"कंपनी तीन महिन्यांच्या आतलाच घेते," शेठ म्हणाला. "बाकीचा माझ्या गळ्यात पडेल. आणि तो माल तिथे ठेवला कोणी, योगेशभाऊ?"

"मी ठेवला. टारगेट तुमी देल्लं होतं."

शेठने पेन खाली ठेवलं.

"असं करा," योगेश म्हणाला. "एकतीस तारखेच्या आत परतवाडा लाइनची पन्नासच्या पन्नास दुकानं ॲपवर आणून देतो. कोणाची तक्रार येणार नाही. तुमी त्या दुकानांतला माल उचला."

"ॲप आलं तर तुमची लाइन राहणार नाही. समजतं ना तुम्हाला?"

"समजते."

"सगळा नाही उचलणार. एका वर्षाच्या आतला."

"व्हॉट्सॲपवर लिहून द्या."

विपुलशेठने त्याच्याकडे जरा नवलाने पाहिलं आणि लिहून दिलं.

उरलेल्या दिवसांत योगेश फक्त मंगळवारी नाही, जमेल तेव्हा त्या लाइनवर धावला. सकाळी दुसरी लाइन, दुपारनंतर परतवाडा. कुणाचा मोबाइल जुना होता तर त्याच्या सुनेच्या मोबाइलवर ॲप टाकलं. कुणाला इंग्रजी वाचता येत नव्हतं, त्याला भाषा बदलून दिली. रात्री अंथरुणावर पडला तरी पाय ब्रेक दाबल्यासारखे हलत.

नत्थुजींकडे पुन्हा जाणं सगळ्यात कठीण गेलं.

"मांगच्या मंगळवारी तं तू म्हणे, हे लय कटकटीचं हाये," नत्थुजी म्हणाले.

"खोटं बोललो होतो."

नत्थुजींनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि त्याच्याकडे नीट पाहिलं. "मंग यापुढं तू येशीन काय?"

"नाई."

"आमी बोललो थे शेठले ऐकवलं नाई काय?"

"नाई ऐकवलं. काका, वरच्या फळीवरचं खोकं खाली काढू द्या मले. मीच देल्लं होतं."

योगेशने स्टुलावर चढून खोकं काढलं, तेव्हा नत्थुजींनी खालून स्टूल धरून ठेवलं.

तीस तारखेला पन्नासावं दुकान झालं. त्यानंतरचे दोन दिवस तो एजन्सीच्या गाडीतून ड्रायव्हरच्या शेजारी बसून माल उचलत फिरला. सुंदराबाईंनी खोकी आधीच वेगळी करून ठेवली होती. वर्षाच्या आतली दाराशी, जुनी आत.

"जुनं बी द्या मावशी. मी शेठशी बोलतो."

"राहू दे. थे मी जाळून टाकीन. नाई म्हनाले तोंड होतं मले, पन मी नाई म्हटलं नाई. थेवढं नुकसान मायं."

गाडी निघाली, तेव्हा त्या गिऱ्हाइकाला शाम्पूची पुडी लडीवरून तोडून देत होत्या. त्यांनी मुद्दाम मान वर केली नाही, की त्यांना गाडी दिसली नाही, हे योगेशला कळलं नाही.

एप्रिलमध्ये नऊपैकी पाच सेल्समनना काम नाही म्हणून सांगितलं. योगेशला विपुलशेठने ठेवलं, पण लाइनवर नाही. अमरावतीच्या एका सुपरमार्केटमध्ये आपला माल फळ्यांवर लावायला कंपनीला एजन्सीमार्फत माणूस हवा होता. पगार थोडा कमी, डोक्यावर एसी, पेट्रोलचा खर्च नाही. प्रणाली म्हणाली, ऊन तरी चुकलं.

काम सोपं होतं. साबणाच्या वड्या पुढे ओढायच्या, जुन्या तारखेच्या पुढे आणि नव्या मागे, दर दोन तासांनी फळीचा फोटो पाठवायचा. लोक यायचे, उचलायचे, जायचे. कुणी त्याला पाणी विचारत नसे, आणि त्यालाही कुणाला दोन पेट्या ठेवा म्हणायचं नव्हतं. सोळा वर्षांत पहिल्यांदाच तो कुणाला फसवत नव्हता, आणि तरी त्याला तिथे श्वास घेववत नव्हता. साबणापासून बिस्किटांपर्यंत बावीस पावलं होती. दुपारपर्यंत तो ती शेकडो वेळा चालायचा. शेवटी सुपरवायझरने विचारलं, "काका, काही हरवलं काय तुमचं?"

एकदा सुंदराबाईंचा फोन आला. ऑर्डर जात नव्हती. योगेशने बिस्किटांच्या फळीआड उभं राहून त्यांना समजावलं, वरचं नाही, खालचं हिरवं बटन दाबा. ऑर्डर गेली. त्यांनी चंदाच्या, म्हणजे भाचीच्या, साखरपुड्याची तारीख सांगितली आणि फोन ठेवला.

जूनच्या एका सुट्टीच्या दिवशी योगेश सकाळच्या एसटीने अकोल्याला गेला. तिथल्या एका ढेपेच्या व्यापाऱ्याला गावोगाव फिरून सरकी ढेप आणि पशुखाद्य विकायला माणूस हवा होता, असं त्याला कळलं होतं. व्यापारी, जानराव नाव, जाडजूड, बनियनवर बसलेला, आजूबाजूला ढेपेच्या पोत्यांचा वास. त्याने योगेशची सोळा वर्षं ऐकली आणि समोरच्या खुर्चीकडे हात केला. योगेश बसला नाही.

"इचारा, काय इचाराचं हाये," जानराव म्हणाला.

"गावातल्या दुकानदारानं माल परत करतो म्हटलं, तं घेता काय?"

जानरावने त्याच्याकडे बघितलं. "फाटलं असलं, ओलं झालं असलं, तं घेतो. नुसतं खपलं नाई म्हणून नाई घेत."

"मंग न खपणारं मी देणार नाई. महिनाअखेर असली तरी."

"अन् माया गोदामात पडून राहिलं तं?"

"तुमाले फोन करून सांगीन, हे गाव एवढंच घेते."

जानरावने बाहेर हमालाला हाक मारून चहा सांगितला आणि म्हणाला, "पयले तीन महिने पाहू. दर्यापूरची लाइन मोकळी हाये."

योगेशने पगार विचारला तो त्यानंतर. तो सुपरमार्केटपेक्षा फार जास्त नव्हता. सोमवारपासून यायचं ठरलं. परतीच्या एसटीला अजून तासभर अवकाश होता. तो स्टँडवर न थांबता दर्यापूर रस्त्याला लागला आणि ऊन चढेपर्यंत पायीच फिरत राहिला. रस्त्याकडेला ढेप ठेवणारी दुकानं किती आहेत ते पाहत. प्रत्येक दुकानात तो आत शिरला आणि नाव विचारून बाहेर आला. काही विकलं नाही.