सात मुलांचे शेरे

शिशुवर्गातली मुलं तिला उडीताई म्हणत, कारण ती आली रे आली की सगळं मैदान उड्या मारायला लागे. शाळेने तिला दोन दोऱ्या, एक जुनी चादर आणि हवा गेलेले चार चेंडू दिले होते. तेवढ्यावर तिने डझनभर खेळ रचले. दोरी जमिनीवर वळवळली की तिचा साप व्हायचा आणि त्याला पाय न लावता पलीकडे उडी घ्यायची. चादरीच्या कडा बाराजणांनी धरून चेंडू नाचवायचा. तिच्या एकाही खेळात कुणी बाद होत नसे. "पाच वर्षांच्या पोराला बाद करून मी काय मिळवणार?" ती म्हणे.

मुख्याध्यापिका तिची जिवाभावाची मैत्रीण. शिक्षिका होण्याचे धडे दोघींनी एकाच बाकावर गिरवले होते. उडीताईची आई गेली तेव्हा हीच महिनाभर तिच्याकडे राहायला आली होती. म्हणून एक दिवस मैत्रीण जेव्हा म्हणाली, "अगं, खेळताना कोण लवकर दमतं, कोण पडतं, तेवढं लिहून दे ना. त्या मुलांकडे जरा जास्त लक्ष देऊ," तेव्हा उडीताईने मागचापुढचा विचार केला नाही.

तिने जीव ओतून लिहिलं. 'ठेंगू: तीन बेडूकउड्या मारून बसतो. मग बसल्या जागेवरून बाकीच्यांना ओरडून ओरडून जोर देतो.' 'भिंगरी: डावा पाय मागे राहतो, पण जोडीदाराचा हात सोडत नाही.' अशी सात मुलं.

सत्र संपायला पंधरा दिवस उरले असताना ठेंगूचे वडील फाटकात उभे दिसले. ते सुतार. कामावरून तसेच आलेले, बाह्यांवर भुसा, हातात शाळेचं पत्र.

"ताई, हे तुम्ही लिहिलंत?" त्यांनी वाचून दाखवलं. "'तीन बेडूकउड्या मारून बसतो. खेळशिक्षिकेच्या निरीक्षणानुसार आपलं मूल पहिलीत बसण्याजोगं नाही.'" मग आवाज न चढवता म्हणाले, "घरी दिवसभर तुमचंच नाव घेतो हो तो."

उडीताईने पत्र हातात घेऊन स्वतः वाचलं. पुढचं वाक्य कुणीतरी छाटून टाकलं होतं.

ती तडक मैत्रिणीच्या खोलीत गेली. "तू मला मदतीसाठी लिहायला सांगितलंस."

"पहिलीला जागा कमी आहेत. सातजण गाळायचेच होते. चिठ्ठ्या टाकू?"

"मग मला खरं का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर लिहिलं असतंस?" मैत्रीण शांतपणे म्हणाली. "आणि तुझं नाव असलं की पालक भांडत नाहीत."

केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते तिला तेव्हा कळलं. हिने तिला आतून-बाहेरून ओळखलं होतं आणि ती ओळखच वापरली होती.

दुसऱ्या दिवसापासून ती पूर्ण शेरे घेऊन सातही घरी गेली. एका घराचं दार उघडलंच नाही. भिंगरीच्या आईने उंबऱ्यावरच ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्हाला माहीत नव्हतं, हे मी मानायलाच हवं का?" सुताराने मात्र शेरे वाचले, दुसऱ्यांदा वाचले, आणि पालकांना गोळा करून शाळेच्या संचालकांना गाठलं. तिघांना परत घेतलं, त्यात ठेंगू होता. भिंगरीच्या आईने मुलीला दुसरीकडे घातलं.

सत्राच्या शेवटच्या दिवशी उडीताईने राजीनामा टेबलावर ठेवला.

"इतक्या वर्षांच्या मैत्रीपेक्षा ही पोरं मोठी झाली?" मैत्रिणीचे डोळे खरोखरच भरले होते.

"मैत्री होती, म्हणून तर मी लिहून दिलं," एवढंच बोलून ती बाहेर पडली.

पुढे कधी दोघी बाजारात समोरासमोर आल्या की मैत्रीण हसे. उडीताई रस्ता बदलत नसे, पण थांबतही नसे.