दुसरा कप

डॉक्टर मोहन गेले ते रविवारी सकाळी, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, चहाची वाट बघता बघता. सुप्रभा रडली नाही. नॉटिंगहॅमच्या मराठी मंडळातल्या बायका डबे घेऊन आल्या, डोळे पुसून गेल्या आणि गाडीत बसल्यावर म्हणाल्या असतीलच, की बाई मोठी घट्ट काळजाची. घट्ट कसलं, आत काही हलतच नव्हतं. त्याचीच तिला भीती वाटायची. नवऱ्यावर आपलं प्रेमच नव्हतं की काय?

शेजारच्या एत्तोरे फोरनारींनी मात्र सरळ विचारलं, मग तुम्ही काय केलंत? हे म्हातारे, विधुर इटालियन गृहस्थ हौसेने कादंबऱ्या लिहायचे आणि पोटासाठी सिनेमे. अँब्युलन्स बोलावली आणि ती येईपर्यंत चहा गाळून दोन कपांत ओतला, एवढंच तिने सांगितलं. हे लिहू का, असं त्यांनी विचारलं. लिहा म्हणाली. कशाचंच काही वाटत नव्हतं, तर त्याचं काय वाटणार?

वर्षा-दोन वर्षांनी सिनेमा लागला. लेक शाल्मली तिला घेऊन गेली. पडद्यावरच्या बाईने दोन्ही कप भिंतीवर आपटले आणि नवऱ्याच्या छातीवर पडून हंबरडा फोडला. थिएटरभर लोक नाकं ओढत होते. सुप्रभा चोरी पकडल्यासारखी बसून राहिली. परतताना ट्राममध्ये शाल्मलीने विचारलंच, "आई, बाबा गेला तेव्हा तू अशी का नाही रडली?"

दुसऱ्या दिवशी तिने फोरनारींची बेल वाजवली. "मी रडले नव्हते."

ते ओशाळले. निर्मात्याने हट्टच धरला, असं पुटपुटत आत गेले आणि त्याच गोष्टीवरची आपली कादंबरी घेऊन आले. इटालियन ओळींवर बोट ठेवून तिला इंग्रजीत सांगू लागले. यातली बाई चहा गाळते. आपला कप पिते. मग गार होईल म्हणून नवऱ्याचाही पिते.

हे सुप्रभाने शाल्मलीलाही सांगितलं नव्हतं.

"दुसऱ्या कपाचं तुम्हाला कसं कळलं?"

"तो माझ्या बायकोचा," ते म्हणाले. "कॉफी होती."

"मग तुम्ही रडलात कधी?"

"अजून नाही."

प्रेम होतं का, असं तिने विचारलं. त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं, की विचारल्याची तिला लाज वाटली.

मग त्यांनी कॉफी केली. रडू तिला तेव्हाही आलं नाही. समोरासमोर बसून दोघांनी आपापला कप संपवला.