अकराची वेळ

निलेशने काडेपेटीएवढा पाण्यातला कॅमेरा घेतला आणि घराची शांतता गेली. आधी किमयाचं डोकं बादलीत, मग पिंपात, मग गावच्या ओढ्यात. आठ वर्षांची पोर गाल फुगवून बुडबुडे सोडते, हे रोह्याच्या घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला टीव्हीवर बघावं लागायचं. पाहुणे चहा संपला की लगबगीने उठायचे. निलेशला त्याचं काही नव्हतं. धाटावच्या कंपनीत शिफ्ट करून आलेला माणूस त्या बुडबुड्यांत रमायचा, आणि प्रतिक्षा त्याला चिडवत का होईना, शेजारी बसायची.

सगळ्यात छान व्हिडिओ झाला तो गेल्या रविवारी, प्रतिक्षाच्या माहेरी, वडखळजवळच्या खाडीकाठी. बांधाच्या आतल्या तळ्यात पावसाचं पाणी निवळून नितळ झालं होतं. म्हणून या रविवारी पुन्हा तिथेच.

"कधी जाऊ गं?" निलेशने विचारलं होतं.

"गेल्या वेळेसारखंच, अकराला," भाकरी थापता थापता ती म्हणाली होती.

सव्वाअकराला तिचे वडील काळुराम शेतावरून आले.

"काय गो, जावई दिसत नाय?"

"तळ्यावर गेलेत, किमयाला घेऊन."

म्हातारा दारातच थबकला. "आता? आज आष्टमी हाय गो! सकालपासून पाणी उतरतंय. उघाडी उघडली असंल."

प्रतिक्षाने हातातली भाकरी तशीच टाकली.

उघाडी म्हणजे बांधातून आरपार गेलेला दगडी नळा. त्याच्या खाडीकडच्या तोंडाला लाकडी झडप वरून टांगलेली. भरतीचं पाणी झडप दाबून बंद करतं, तेव्हा आतलं तळं निपचित असतं. ओहोटी लागली की तळ्याचं पाणी झडप ढकलत बाहेर धावतं. वरून काही दिसत नाही, ओढ सगळी तळाशी. गेल्या रविवारी पौर्णिमा होती, अकराला भरती होती. पण भरती रोज पाऊण तास पुढे सरकते आणि आठ दिवसांत अकराची ओहोटी होऊन बसते. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. निलेश डोंगराकडच्या भातशेतीतला, त्याला कुठून कळणार? कळायला हवं होतं तिला. रोह्यात दहा वर्षं कंपनीच्या भोंग्यावर काढून खाडीकाठची पोर तिथी विसरली होती.

पिठाच्या हातांनीच ती धावत सुटली. निलेशचा फोन वाजत राहिला, कुणी उचलला नाही. चप्पल कुठे सुटली ते कळलं नाही. बांध एवढा लांब कधीच नव्हता. देवा, पोरगी काठावर असू दे, चिखलात खेळत असू दे, रडत असू दे, एवढंच तिच्या मनात घोळत होतं.

तळ्यात निलेश एकटाच दिसला. छातीभर पाण्यात. मनगटाला कॅमेरा बांधलेला.

"किमया! किमया!" तो ओरडत होता, बुडी मारत होता, रिकाम्या हातांनी वर येत होता. "आत्ता इथं होती गं! आत्ता!"

त्याच क्षणी प्रतिक्षाला शेजारच्या बाबाजीकाकांची शेळी आठवली. तिच्या लहानपणी ती शेळी नळ्यात ओढली गेली होती आणि झडपेला आतून चिकटून राहिली होती. पाणी बाहेर पडत होतं, शेळी पडत नव्हती.

ती तळ्याकडे गेलीच नाही. बांधाच्या दुसऱ्या अंगाने खाली घसरली, मांडीभर चिखलात रुतली, कशीबशी झडपेपाशी पोचली. फटीतून गढूळ पाणी उसळत होतं. तिने झडपेखाली खांदा घातला. लाकडाला चिकटलेल्या कालवांचे धारदार शिंपले मांसात घुसले. झडप हलेना. ती किंचाळली, शिव्या दिल्या, पुन्हा रेटलं. वीतभर उचलली. अजून थोडी.

आधी गवत आलं. मग लाल प्लास्टिकची क्लिप. मग केस.

तिने केसांनाच धरून ओढलं. पोर काळीनिळी पडली होती. प्रतिक्षाने तिला मांडीवर पालथी टाकून पाठीवर थापटलं, पुन्हा थापटलं, आणि बऱ्याच वेळाने किमयाला ओकारी आली. मग ती रडली. बांधाच्या पलीकडे निलेश अजून हाका मारत होता, आणि प्रतिक्षा पोरीला छातीशी धरून चिखलात बसली होती. शेवटी धापा टाकत पोचलेल्या काळुरामने बांधावरून ओरडून त्याला सांगितलं.

पेणच्या डॉक्टरांनी संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं आणि घरी सोडलं. रात्री किमया झोपली. निलेश कोपऱ्यात कॅमेरा हातात धरून बसला होता. प्रतिक्षाला कुणी एका शब्दाने दोष दिला नव्हता. तिने त्याच्या हातातून कॅमेरा घेतला आणि व्हिडिओ लावला.

छोट्या पडद्यावर किमया काठावर उभी राहून, टीव्हीवरच्या बाईसारखी सांगत होती, "नमस्कार! बरोब्बर अकरा वाजलेत. मम्मीने सांगितलेल्या वेळेला आम्ही आलोय. मम्मीला सगळं माहीत असतं."

मग पाणी. फुगलेले गाल, बुडबुडे. तिच्या मागचं सगळं गवत एकाच दिशेला, नळ्याकडे लवलेलं. डोकं वर, आणि निलेशचा आवाज, "मस्त! आता थोडी मागं हो. अजून मागं."

पुढे नुसता गाळ होता.

"पुसून टाकतो," निलेश कॅमेरा परत घेत म्हणाला.

"नाय," ती म्हणाली. "ती सुरुवातीला काय बोलली, ते परत लावा."