सोमजाईची काठी आणि अप्पांची चक्कर

शिमग्याला हर्षदला भर सहाणेसमोर मातीत बसवायचं, हे भिकाजीअप्पांनी गेल्या शिमग्यालाच ठरवून टाकलं होतं. मधल्या काळात भात लावून झालं, म्हैस व्याली, नातीचं बारसं झालं. सगळीकडे अप्पा हजर होते, पण मन सहाणेवर.

झालं होतं ते असं. कशेडी घाटाच्या पायथ्याला त्यांची वाडी. तिथे ग्रामदेवी सोमजाईची सासनकाठी निघते. घरापेक्षा उंच कळकाचा बांबू, त्याला साड्या आणि खण गुंडाळलेले. एकाने ती कमरेला बांधलेल्या फडक्यात टेकवून उचलायची, बाकीच्यांनी दोऱ्या ताणून तोल सांभाळायचा, आणि पालखी ठेवतात त्या चौथऱ्याभोवती, म्हणजे सहाणेभोवती, ढोलावर नाचवायची. हा मान अप्पांच्या घराचा. गेल्या वर्षी काठी उचलता उचलता त्यांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले, वाडी गरागरा फिरली आणि अप्पा खाली बसले. सरळ माणूस, स्वतःच सांगून मोकळे झाले की चक्कर आली. काठी पुतण्याने, हर्षदने, झेलली. तो तेवढ्यावर थांबता तर अप्पांनी त्याला आशीर्वादच दिला असता. पण महाडच्या जिममध्ये दंड फुगवून आलेला पोरगा तो. सगळ्यांसमोर म्हणाला, "अप्पा, तुम्ही आता खुर्चीवर बसून मोबाइलवर बघा."

वाडी हसली. अप्पांची बायको भागूबाई, तीही हसली. हे अप्पांनी वेगळं लक्षात ठेवलं.

पोलादपूरच्या डॉक्टरने तपासून सांगितलं की काळजीचं काही नाही. फक्त उपाशीपोटी जड उचलायचं नाही, पाणी भरपूर प्यायचं आणि उचलताना श्वास कोंडून धरायचा नाही. कोंडला की डोक्याकडे रक्त कमी पोचतं. आयुष्यात एखाद्या डॉक्टरचं अप्पांनी इतकं मन लावून कधी ऐकलं नव्हतं. घरी येताना रिक्षात त्यांनी ते सगळं पथ्य मनात उलटं करून पाहिलं, आणि उलटं ते फारच देखणं दिसलं.

माघात ते आपण होऊन हर्षदकडे गेले. मान आता तुझाच, म्हणाले, पण सोमजाई कडक आहे, तिचे नियम पाळावे लागतील. आदल्या रात्रीपासून अन्न नाही, पाण्याचा थेंब नाही, आणि काठी उचलली की फेरी पुरी होईपर्यंत श्वास सोडायचा नाही. हे सगळे नियम अप्पांनी वाटेतल्या चढणीवर तयार केले होते. शेवटी सुस्कारा टाकून म्हणाले, "आमच्या येळेला जमायचं. तुमच्याच्यान जमंल असं नाय वाटत." हर्षदने त्याच क्षणी मिशीवर हात फिरवून होकार दिला.

शिमग्याला ऐन दुपारी काठी उठली. अप्पा भाकरी, गूळ आणि तांब्याभर ताक पोटात घालून अगदी पुढे उभे होते. हर्षदने छाती भरून श्वास घेतला आणि गाल फुगवून उचल घेतली. तोंड आधी गुलालासारखं झालं, मग भस्मासारखं. अर्ध्या फेरीत डोळे वर गेले, गुडघे लटपटले आणि पोरगा मातीत बसला. दोऱ्यावाल्यांनी काठी सावरली. वर्षभर जपून ठेवलेलं वाक्य बोलायला अप्पांनी तोंड उघडलं.

पण वाडीतली सगळ्यांत म्हातारी ठकूबाई आधी बोलली.

"आई आली गो."

झालं. थरथरणारं अंग, फिरलेले डोळे, निर्जळी उपास. सोमजाईला यायला आणखी काय हवं? हर्षदच्या कपाळाला मळवट भरला, पुढ्यात नारळ आला, आणि टीशर्टातल्या त्या पैलवानाला बायाबापड्या आई म्हणू लागल्या. गेल्या वर्षी अप्पांचे डोळे असेच फिरले होते, गुडघे असेच लटपटले होते. पण अप्पा खरं बोलून बसले. हर्षदच्या अंगात बोलायचं त्राणच नव्हतं, एवढीच त्याची पुण्याई.

ही चक्कर आहे असं सांगावं, तर तुम्हाला कसं ठाऊक, हेही सांगावं लागणार. भागूबाईने मागून ढोसलं, पाया पडा. अप्पांनी मुकाट्याने पुतण्याच्या पायांवर डोकं ठेवलं आणि तिथल्या तिथे त्याच्या अंगठ्याला नखाने सणसणीत चिमटा काढला. हर्षदच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आई गहिवरली," ठकूबाई म्हणाली.

पण त्या चिमट्याने हर्षद पुरता शुद्धीवर आला. लोकांनी दिलेलं तीर्थ तो घटाघट प्यायला. मग ताकाच्या मिशा असलेल्या अप्पांकडे तो बराच वेळ बघत राहिला. पोरगा दांडगा होता, बिनडोक नव्हता. तेवढ्यात कुणी तरी हात जोडून विचारलं की फेरी अर्धवट राहिली, अंगात आलेल्याने काठी धरायची रीत नाही, मग आता कुणी उचलायची? हर्षदने बोट उचललं.

"भिकाजी," तो सख्ख्या काकाला म्हणाला, "उचल."

अप्पांनी उचलली. भात्यासारखा श्वास घेत, डॉक्टरचा शब्द न् शब्द पाळत त्यांनी झोकात फेरी घातली. मान परत मिळाला होता. लोक वाहवा करत होते. थांबणार, इतक्यात आई म्हणाली, "आजून एक."

ती झाली.

"आजून एक."

अप्पांच्या मांड्या भरून आल्या, कानांत गुंई झालं, पुन्हा काजवे दिसू लागले. सहाणेसमोरून जाताना त्यांनी पाहिलं, आईच्या ओठाचा एक कोपरा हसत होता. आता आपण बसलो तर ठकूबाई चक्करच म्हणणार. एका दिवसात दोघांच्या अंगात आई, हे काही वाडीला पटायचं नाही. मग अप्पांनी ठरवलं, पडायचंच आहे तर जागा आपण निवडू. ते तसेच झोकांडत पुढे गेले, काठी दोऱ्यावाल्यांच्या हवाली केली आणि सगळ्या वजनानिशी आईच्या मांडीवर कोसळले.

"आयला, अप्पा, बरगडी मोडली ना," सोमजाई म्हणाली.

ढोल थांबला. ठकूबाईने मान तिरकी करून नीट ऐकलं. मग वाकून हर्षदपुढचा नारळ उचलला आणि नेऊन पालखीपुढे ठेवला.

"चक्कर आलीय मेल्याला," ती म्हणाली.

वाडी हसली, आणि या वेळी भागूबाईचं हसणं अप्पांना गोड लागलं. लोक त्यांना उठवायला धावले. अप्पांनी पडल्या पडल्याच हात हलवून त्यांना थोपवलं. उठतो, पण सावकाश, ते म्हणाले, डॉक्टरने घाई करायला सक्त मनाई केली आहे. आणि जरा सोयीचं व्हावं म्हणून त्यांनी आपलं कोपर हर्षदच्या त्याच बरगडीवर नीट टेकवलं.