डोळ्यांनी पाहिलेलं

इस्पितळातल्या दुभाषीताईला आईच्या बोलीत बोलायला अकरा वर्षांत कुणी भेटलं नव्हतं. त्या सकाळी सात नंबरच्या खाटेवर तीच बोली बोलणारी आजी आली, आणि ताई स्टूल ओढून तिच्याजवळच बसली.

आजी हट्टाला पेटलेली. "लेक आल्याशिवाय पोटाला सुरी लावू देणार नाही."

डॉक्टर म्हणाले, "सांगा त्यांना, मुलगा निघालाय. फोन आला होता. दुपार टळली तर अवघड आहे."

सांगायचं कसं? त्या बोलीत प्रत्येक वाक्याला आपल्या 'म्हणे'सारखं शेपूट लागतंच. डोळ्यांनी पाहिलेल्याचं एक, कानांनी ऐकलेल्याचं दुसरं. त्याशिवाय वाक्य लंगडं. ताईने ऐकलेल्याचं लावलं.

"फोनवर तर तो तीन वर्षं निघालेलाच आहे गं पोरी!" आजी हसली. मग म्हणाली, "तुझी आई काय करते?"

"गेली." शेपूट ऐकलेल्याचंच लागलं. ताई तेव्हा इथेच ड्यूटीवर होती. भावाने फोनवर कळवलं होतं.

आजीने तिचा हात धरून ठेवला.

ताईने अडचण सांगितली तेव्हा डॉक्टर वैतागले. "अहो, ठोकून द्या पाहिला म्हणून! कोण तपासायला येतंय?"

शब्द जिभेवर आलाही. पण या बोलीत ती आईशी कधी खोटं बोलली नव्हती; आणि आता तिच्यापुरतं या बोलीतलं माणूस उरलं होतं एकच. "अर्धा तास द्या," ती म्हणाली आणि आजीच्या उशाखालचा लेकाचा फोटो घेऊन फाटकाशी जाऊन उभी राहिली.

दोन बसगाड्या रिकाम्या गेल्या. तिसरीतून एक टकलू उतरला. फोटोत भरपूर केस होते, पण कान आजीचेच, सुपाएवढे.

"सात नंबरची खाट कुठे हो?"

"या मागून!" म्हणत ताई दोन-दोन पायऱ्या चढत वर धावली. "आला!" आणि शेपूट पाहिलेल्याचं.

आजीने संमतीच्या कागदावर अंगठा उमटवला. लेकाच्या टकलावरून हात फिरवून झाला, मग स्ट्रेचरवरून तिने ताईला खुणावलं.

"दाराशी थांब. मी बाहेर येईन ते तू पाहा. कुणाकडून ऐकू नकोस."

दार मिटलं. ताईची ड्यूटी कधीच संपली होती. बाकावर पिशवी मांडीवर घेऊन ती दाराकडे डोळे लावून बसून राहिली.